इजअपर, इजलोअर आणि देवनागरी

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत 'पुणे' या शब्दावर इजअपर (अक्षरं कॅपिटल आहेत का, हे तपासणारं फंक्शन) चालवलं, तर उत्तर येतं फॉल्स, म्हणजे 'नाही'. स्मॉल अक्षरं तपासणारं इजलोअर चालवलं, तरी फॉल्सच. नवशिक्यांना हा बग वाटतो, पण दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. ती तशी का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९६३ साली अमेरिकेत आस्कीची, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेताची, पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती. स्मॉल अक्षरं १९६७च्या आवृत्तीत आली. कॅपिटल एचा क्रमांक ६५, स्मॉल एचा ९७. फरक ३२चा, म्हणजे एका बिटचा. त्यामुळे अक्षर कॅपिटल आहे का हे बघायला क्रमांक ६५ ते ९०मध्ये बसतो का, एवढं पाहिलं की भागायचं. सी भाषेतलं इजअपर एका वेळी एकच अक्षर तपासतं.

पायथनने हाच प्रश्न अख्ख्या स्ट्रिंगला, म्हणजे अक्षरांच्या सलग ओळीला, विचारला आणि नियम थोडा बदलला: कॅपिटल-स्मॉल भेद असलेलं निदान एक अक्षर हवं आणि अशी सगळी अक्षरं कॅपिटल हवीत. रोमन लिपीतल्या 'एमएच१२'ला म्हणून ट्रू, म्हणजे 'हो', मिळतं. नुसत्या '१२'ला किंवा रिकाम्या स्ट्रिंगला फॉल्स. 'इजलोअर नाही, म्हणजे इजअपर' हे गृहीत धरणं इथेच अंगाशी येतं.

१९९१मध्ये युनिकोड हा नवा, मोठा अक्षरसंकेत आला आणि जगभरच्या लिप्या एका छताखाली आल्या. जर्मन 'एसत्सेट' या अक्षराचं कॅपिटल केलं की एकाची दोन अक्षरं होतात. तुर्की भाषेत स्मॉल आयचं कॅपिटलसुद्धा डोक्यावर टिंब घेऊन येतं. देवनागरीत तर कॅपिटल-स्मॉल हा भेदच नाही, म्हणून 'पुणे'ला दोन्हीकडे फॉल्स.

मराठीला खरा फटका बसतो तो शेजारच्या इजअल्फामुळे, म्हणजे स्ट्रिंगमध्ये फक्त अक्षरं आहेत का, हे तपासणाऱ्या फंक्शनमुळे. 'कमल'ला ते ट्रू म्हणतं, 'सुनील'ला फॉल्स! कारण युनिकोडमध्ये मात्रा, वेलांट्या, उकार यांचा वर्ग अक्षरांचा नाही, चिन्हांचा आहे, आणि पायथनचं इजअल्फा फक्त अक्षरांचे वर्ग मोजतं. नावाच्या रकान्यावर ही तपासणी लावली की निम्मा महाराष्ट्र फॉर्मबाहेर राहील. हे मला अजिबात पटत नाही. मराठी नाव तपासायचं तर अक्षरांच्या वर्गाबरोबर चिन्हांचा वर्गही धरायलाच हवा. मग 'कृष्णा'मधला हलन्तही (जोडाक्षर करणारं पाय मोडण्याचं चिन्ह) त्यात येतो.