बोर्डाच्या पोटात कोण कोण राबून गेलं

जोगेश्वरीच्या आमच्या दुरुस्तीच्या गाळ्यात सध्या २४ चॅनलचा एक इंग्लिश बोर्ड उघडा पडलाय, म्हणजे रेकॉर्डिंग स्टुडिओतला मिक्सर, ज्याला कन्सोलही म्हणतात; एका चॅनलवर एक माइक किंवा वाद्य. बनावटीचं साल कुठेच लिहिलेलं नाही, पण आतल्या आयसींवरचे (चिपांवरचे) डेट कोड १९७९-८० चे आहेत, म्हणजे वय चाळिशीच्या पुढे. जो येतो तो पहिलं विचारतो, कपॅसिटर किती बदलले आणि ऑपअँप, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या आयसी, कुठले टाकणार. सांगतो, पण आधी थोडं मागे जाऊ, कारण या बोर्डाची निम्मी दुखणी त्याच्या जन्मातून आलीयेत आणि निम्मी त्याच्या मुंबईतल्या मुक्कामातून.

कन्सोल हे मुळात रेडिओवाल्यांचं अपत्य. व्हॉल्व्ह, मोठाले गोल नॉब, आणि एका माणसाला हात दोनच, त्यामुळे एका वेळी दोन नॉब फिरवले की संपलं. सरकते फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या, रेकॉर्डिंगमध्ये रुळवण्याचं श्रेय बरेच जण न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सच्या टॉम डाउडला देतात, त्यात एका हाताच्या बोटांवर चार-पाच चॅनल येतात. अँपेक्सचं एकाच टेपवर आठ वेगवेगळे आवाज धरणारं ८ ट्रॅकचं मशीन १९५७ मध्ये गिटारवादक लेस पॉलकडे पोचलं आणि वर्षभरात अटलांटिककडे, मग ट्रॅक वाढत गेले तसा बोर्ड रुंद होत गेला. रुंद झाला की व्हॉल्व्हची उष्णता आणि वजन झेपेना, म्हणून ट्रान्झिस्टर. इंग्लंडच्या रुपर्ट नीव्हने १९६४ मध्ये लंडनच्या फिलिप्स रेकॉर्ड्ससाठी ट्रान्झिस्टरचा कन्सोल बनवला, ईएमआय कंपनीचा टीजी १२३४५ तिच्या लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत १९६८ ला आला.

नीव्हचं १०७३ मॉड्यूल, म्हणजे एका चॅनलचा सुटा डबा, १९७० चं. त्याच्या आवाजाबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, ट्रान्सफॉर्मर वगैरे, ते सगळं खरंच आहे, पण दुरुस्तीवाल्याच्या नजरेने मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते : अख्खं मॉड्यूल बाहेर ओढता येतं. एक चॅनल बिघडला तर तो काढायचा, दुसरा खुपसायचा, गाणं चालू. लॉस एंजेलिसच्या साउंड सिटी स्टुडिओने १९७३ ला घेतलेला नीव्ह स्टुडिओ २०११ मध्ये बंद होईपर्यंत चालला आणि मग रॉक संगीतकार डेव्ह ग्रोलने विकत घेऊन आपल्या स्टुडिओत नेला. इतकी वर्षं टिकतो कारण तो उघडता येईल असाच बनवलेला होता.

त्याच्या उलट टोकाला एसएसएल ही इंग्लिश कंपनी. कॉलिन सँडर्सने १९६९ मध्ये कंपनी काढली ती चर्चमधल्या पाइप ऑर्गनची इलेक्ट्रॉनिक कंट्रोल सिस्टिम बनवायला, मिक्सर नंतर. तिच्या ४००० ई बोर्डात प्रत्येक चॅनलवर आवाजाची चढ-उतार आवरणारे कॉम्प्रेसर-गेट आणि कॉम्प्युटर तुमची मांडणी लक्षात ठेवणार. भारी, पण वीज आणि एसी खाणारा. तिसरी वाट साउंडक्राफ्टची, १९७३ ला सुरू, पहिला बोर्ड थेट फ्लाइट केसमध्ये बांधलेला, बँडवाल्यांनी ट्रकात टाकून न्यायचा. टीएल०७२ सारख्या स्वस्त ऑपअँप आयसी आल्यावर या वाटेवर पुष्कळ कंपन्या चालल्या. आमचा बोर्ड याच गोतातला.

आता मुंबई. गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ लागला तेव्हा गाणं आणि चित्र एकाच वेळी टिपलं जायचं. पुढे प्लेबॅक आलं तरी ताडदेवचं फिल्म सेंटर घ्या नाहीतर वांद्र्याचं मेहबूब, अनेक वर्षं व्हायोलिनवाले, ढोलकवाले, गायक सगळे एकत्रच वाजवायचे आणि मिक्सिंग तिथल्या तिथे व्हायचं. शेवटच्या कडव्यात कुणी चुकला की अख्खं गाणं पहिल्यापासून. त्यामुळे मोजक्या चॅनलचा बोर्ड पुरायचा, बाकीचं काम रेकॉर्डिस्टचा कान आणि माइक कुठे ठेवला ते करायचं. सत्तरच्या दशकात फोर्टातल्या वेस्टर्न आउटडोअरसारख्या ठिकाणी मल्टिट्रॅक आलं आणि मग बोर्डही मोठे लागायला लागले.

आणि इथे आपल्याकडची खरी गोम. १९९१ च्या आधी परदेशी माल आणायचा म्हणजे लायसन्स, भरमसाट ड्युटी, कस्टमच्या फेऱ्या. एकदा आणलेला बोर्ड मोडीत काढायची सोयच नव्हती आणि इंग्लंडहून पार्ट मागवायचा तर सेशन तोवर थांबणार थोडंच, मग मिस्त्री उठायचा आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जायचा. आमच्या बोर्डाचा चॅनल ११ उघडला तर माइक प्रीअँपमध्ये (माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणारा भाग) मूळ बीसी १८४ ट्रान्झिस्टरच्या जागी बेलचा, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, बीसी १४९, पाय वाकवून, त्यावर पिवळी स्लीव्ह चढवून इतका नीट बसवलाय की मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो. बाजूला केरळच्या केल्ट्रॉन कंपनीचे दोन कपॅसिटर. फेडरखालच्या पांढऱ्या टेपवर बॉलपेनने ‘ढोलकी’, आणि ती सोलल्यावर खालच्या टेपवर ‘कोरस बायका’.

नव्वदीनंतर आयात सोपी झाली, १९९१ ला कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करणारं प्रो टूल्स आलं, मोठे हॉल हळूहळू बंद पडले आणि बोर्ड गोडाऊनमध्ये. ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमची पॅनल किलोवर जाताना मी डोळ्यांनी पाहिलीत. जे वाचले त्यांना मुंबईच्या हवेने गाठलं, कनेक्टरच्या पिना काळ्या, तांब्यावर हिरवा थर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर बंद ठेवले तरी म्हातारे होतात, आतला द्राव रबरी बुचातून सुकत जातो, मग बेस पातळ होतो, आणि वीजपुरवठ्याचे (सप्लायचे) मोठे कॅप गेले की हम, म्हणजे सतत गुणगुण, येतो. हा हम कानाने ओळखता येतो : ५० हर्ट्झचा असेल तर बहुतेक अर्थिंग किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली वायर, १०० हर्ट्झचा चरचरीत असेल तर सप्लाय.

अपग्रेडचं भूत मलाही चढलं होतं. सगळ्या टीएल०७२ उपटून एनई५५३२ ही दुसरी ऑपअँप लावायची, नॉइज (सिग्नलमधली सरसर) कमी, सोपं काम. चार चॅनल केले आणि सप्लायचे रेग्युलेटर चटका बसेल इतके तापले, कारण ५५३२ जवळपास तिप्पट करंट ओढते. शिवाय तिच्या इनपुटला थोडा स्थिर (बायस) करंट लागतो, तो नॉबमागच्या पॉटमधून जायला लागल्यावर एरवी गप्प असलेले इक्यूचे (बेस-ट्रेबलचे) नॉब फिरवताना खरखर करायला लागले. चूक माझीच, मूळ डिझाइन टीएल०७२ धरून केलेलं होतं. आता ५५३२ फक्त मिक्स बसवर, जिथे चोवीस चॅनलचा नॉइज एकत्र होतो, आणि प्रत्येकीच्या पायाशी सप्लाय स्थिर ठेवणारा ०.१ मायक्रोफॅरडचा डीकपलिंग कॅप.

सप्लाय पूर्ण नवा बनवतोय, तो गणपतीनंतर होईल. चॅनल ११ परवा मोजला, नॉइज १० आणि १२ इतकाच निघाला, तेव्हा बीसी १४९ आहे तिथेच आहे. केल्ट्रॉनचे कॅप मात्र काढले, सुकले होते. ‘कोरस बायका’वाली टेप झाकणाच्या आतून चिकटवून ठेवलीय.