रानपिंगळा आणि निरीक्षकाच्या छातीतली धडधड

दुर्मिळ पक्षी दिसल्यावर माणसाच्या छातीत धडधड का होते, हा प्रश्न पक्षिशास्त्राचा आहे तितकाच मेंदूविज्ञानाचाही आहे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, हरसूल या डोंगराळ भागातील सागाच्या रानांत हिंडणाऱ्या पक्षिनिरीक्षकांच्या मनात या संदर्भात एक नाव कायम असते, ते म्हणजे रानपिंगळा हे दुर्मिळ, लहान घुबड. सुरगाण्याला लागून असलेल्या गुजरातच्या डांगमध्ये त्याची नोंद आहे आणि ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात तो २०१४ मध्ये आढळला. त्यामुळे या दोहोंच्या मधल्या रानात दिवसाढवळ्या एखादे लहान घुबड फांदीवर दिसले, की दुर्बीण पुन्हा एकदा डोळ्याला लावल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केले. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले ह्यूम ते हेच. १८८४ नंतर मात्र त्याचा विश्वासार्ह पुरावा मिळेना. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात १९१४ साली गुजरातमधील मांडवी येथे मिळाल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना होता. पण पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना असून त्यातील भराव बदलून त्यावर खोटी चिठ्ठी लावल्याचे सिद्ध झाले. पक्षी शोधायच्या ठिकाणांतून मांडवी वगळल्यावर शोध जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा शहाद्याजवळ जिवंत दिसला. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेले शहादे नाशिक विभागातच मोडते. एकशे तेरा वर्षे केवळ पेंढा भरलेल्या कातड्यांवरून माहीत असलेला पक्षी उन्हात बसलेला पाहताना त्या तिघांच्या मेंदूत काय चालले असेल, याचा अंदाज एका वेगळ्याच संशोधनातून बांधता येतो.

वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला तर डोपामीन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या चेतापेशी जोरात उद्दीपित होतात. रसाआधी दरवेळी ठरावीक खूण मिळू लागली की हा प्रतिसाद रसाकडून त्या खुणेकडे सरकतो. आणि खूण मिळूनही रस आला नाही, तर त्या पेशींची हालचाल नेहमीपेक्षाही मंदावते. म्हणजे या पेशी बक्षिसापेक्षा अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील फरक मोजतात. जाणकार निरीक्षकाचे काळीज पक्षी दिसण्याआधी नुसत्या आवाजानेच का लकाकते आणि आवाज विरून गेल्यावर इतके हिरमुसल्यासारखे का होते, याचे स्पष्टीकरण बहुधा इथे आहे. ज्याला पिंगळ्याचे प्रकारच माहीत नाहीत, त्याच्यासमोर रानपिंगळा येऊन बसला तरी तो ‘घुबड आहे’ म्हणून पुढे जाईल. थरार हवा असेल तर आधी नेहमीचे पक्षी पाठ असावे लागतात.

परंतु याच अपेक्षेपायी फसगतही होते. समजा, एखाद्या रानात हजार साधे पिंगळे आहेत आणि रानपिंगळा एकच. निरीक्षक इतका तरबेज, की शंभरांत नव्व्याण्णव वेळा अचूक ओळखतो. त्याने सगळे पक्षी पाहिले, तर दहाएक साधे पिंगळे त्याच्या वहीत रानपिंगळा म्हणून जातील आणि खरा एखादाच असेल. म्हणजे त्याच्या ‘रानपिंगळा’ अशा दर अकरा नोंदींपैकी दहाएक चुकीच्या ठरतील. यात त्याच्या कौशल्यात काही कमी नाही. दुर्मिळतेचे गणितच तसे आहे. त्यात ॲड्रेनालिनने हात थरथरू लागले की दुर्बिणीतील प्रतिमाही हलते.

म्हणून खुणा पाहाव्यात. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, राखट तपकिरी दिसतो. छातीवर गडद तपकिरी रंग भरून आलेला असतो, तर पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो. शेपटीवरचे पांढरे पट्टे रुंद असतात, पाय दणकट असतात, आणि सरडे-पालींची शिकार तो दिवसाउजेडी करतो. पक्षी अस्वस्थ झाला की शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. थंडीच्या सकाळी तो उन्हात झाडाच्या शेंड्यावर बसतो आणि साग निष्पर्ण झाला की नीट दिसतो. त्यामुळे या रानांत जायचे तर पानगळीनंतर जावे. ध्वनिमुद्रित आवाज लावून त्याला बोलावण्याचा मोह मात्र टाळावा, कारण आपल्या हद्दीत परका नर घुसला असे समजून तो खाणेपिणे सोडून हुसकावायला धावतो.

वहीत नोंद करताना आधी माथा, मग छाती, पोट आणि शेपटी लिहावी, नाव सर्वांत शेवटी लिहावे. नाव आधी लिहिले, की माथ्यावरचे ठिपके दिसत असूनही डोळे त्यांच्यावरून घसरून जातात.