समुद्रावर जाताय? कॅमेरा, मोबाइल बॅगेत टाकायच्या आधी हे एकदा वाचून घ्या

लाँग वीकेंड संपला की दुसऱ्या दिवशी आमच्या मोबाइल-कॅमेरा दुरुस्तीच्या काउंटरवर येणारा बराचसा माल अलिबाग, नागाव, काशीद नाहीतर दिवेआगरवरून आलेला असतो, आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतं, "जरासंच पाणी गेलंय हो, दोन दिवस वाळवलाय मी, फक्त चालू करून द्या." तेच ते दहा जणांना तोंडी समजावण्यापेक्षा हा कागद छापलाय. बिलासोबत मिळाला असेल तर घरी न्या, टाकू नका.

आधी मुद्द्याचं. समुद्राचं पाणी सुकतं, मीठ आत तसंच राहतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे सहा-सात छोटे चमचे, आणि असल्या खाऱ्या पाण्यातून करंट नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट सहज वाहतो. फोनमध्ये बॅटरी कायम जोडलेली असते, त्यामुळे पाणी आत गेलं रे गेलं की जिथे जायला नको तिथे करंट जायला लागतो आणि आतल्या सर्किट बोर्डावरचं तांबं खायला सुरुवात होते. असा फोन उघडला की चार्जिंगच्या पिनांभोवती हिरवट-पांढरी पावडर दिसते, ती ब्रशने निघते पण तिच्याखालची पिन निम्मी झालेली असते, आणि बोर्डावर पत्र्याची जी चौकोनी झाकणं असतात त्यांच्याखाली तर बाहेरून काही दिसतच नाही, झाकण काढल्यावर कळतं की एका कोपऱ्यातल्या चिपचे पाय काळे पडलेत. आणि मुंबईची हवा तुम्हाला माहितीच आहे, मीठ या हवेतला ओलावा परत परत ओढून घेतं, त्यामुळे सुकलंय असं वाटलं तरी आत गंजणं चालूच राहतं. म्हणून तर फोन आठ-पंधरा दिवस मस्त चालतो आणि मग एका सकाळी चार्जच होत नाही, आणि लोकांना वाटतं पाण्याचा काय संबंध, ते तर कधीच वाळलं.

आमचा फोन आयपी ६८ आहे, हे आम्ही रोज ऐकतो. असू दे. यातला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, ६८ म्हणजे त्याहून कडक टेस्ट, किती खोल आणि किती वेळ ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. पण ही टेस्ट गोड्या, स्थिर पाण्यात आणि कोऱ्या करकरीत फोनवर होते. लाट, जेट स्कीचा फवारा, बनाना राइडवरून मुद्दाम पाडतात तेव्हाचा आपटा, यातलं काही त्यात नसतं. आणि फोन पडून फ्रेम वाकली असेल, मागची काच तडकली असेल किंवा एकदा स्क्रीन बदलली असेल तर ते रेटिंग विसरा. आमच्याकडे बदललेली असली तरी विसरा! आम्ही नवीन गम-सील लावतो, नीट लावतो, पण कंपनीतून आलेल्या सीलची गॅरंटी कुणी दुकानदार देत असेल तर त्याला जरा दोन प्रश्न जास्त विचारा. वॉरंटीचं म्हणाल तर पाण्याचं नुकसान बहुतेक कंपन्या धरत नाहीत, आणि लपवूनही उपयोग नसतो, आयफोनमध्ये सिम ट्रेच्या खाचेत एक छोटी पट्टी असते ती पाणी लागलं की लाल होते, सर्व्हिस सेंटरवाला पहिला टॉर्च मारून तिथेच बघतो.

स्मार्टवॉचवर ५ एटीएम किंवा ५० मीटर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ५० मीटर खोल जा असा नाही, साधं पोहायला चालेल, वॉटर स्पोर्ट्सला नको.

कॅमेऱ्यांचं अजून वेगळंच. वेदर सीलिंग म्हणजे शिंतोडे आणि धूळ, बस. शिवाय बॉडी सील्ड असली तरी लेन्स सील्ड हवी, आणि कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या १८-५५ लेन्सला (किट लेन्स) मागे माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडतात तिथे, पाणी अडवणारी रबराची रिंग बहुतेक नसतेच, बघा आपली काढून. गोप्रो, म्हणजे तो छोटा अॅक्शन कॅमेरा, त्याचे मात्र हिरो ५ ब्लॅकपासून पुढचे ब्लॅक मॉडेल हाउसिंगशिवाय (बाहेरच्या वॉटरप्रूफ डबीशिवाय) १० मीटरपर्यंत चालतात, आणि तरीही आमच्याकडे पाणी भरलेले गोप्रो येतात ते का, तर बॅटरी बदलायला किनाऱ्यावर दार उघडलं, रबरावर वाळूचा एक कण नाहीतर एक केस अडकला आणि तसंच बंद केलं. दार रूमवर उघडा, बंद करताना रबर बोटाने चाचपून बघा. आणि तरंगणारं हँडल घ्या, गोप्रो दगडासारखा खाली जातो आणि मालवण-तारकर्लीला हातातून सुटला तर तो पुढच्या पर्यटकाचा.

निघायच्या आधी

गळ्यातला प्लास्टिक पाउच घेत असाल तर आधी घरी टेस्ट करा. आत टिश्यू पेपर ठेवा, क्लिप लावा, बादलीत बुडवून वर वजन ठेवा, अर्धा तास. टिश्यू किंचितही ओला झाला तर पाउच गेला. गेटवेला, चौपाटीला बोटीत चढता चढता घेतलेला पाउच तिथल्या तिथे टेस्ट करायला मिळत नाही, त्यापेक्षा आदल्या आठवड्यात घ्या. फोन ठेवताना आत थोडी हवा राहू द्या म्हणजे पडला तर तरंगेल. पाण्याखाली टच चालत नाही, पाण्यातूनच करंट जातो म्हणून स्क्रीनला बोट कुठलं आणि पाणी कुठलं कळत नाही, तर कॅमेरा आधी चालू करून ठेवा आणि फोटो व्हॉल्यूमच्या बटणाने काढा.

कॅमेऱ्याला ड्राय बॅग, तोंड गुंडाळून बंद करायची असते ती. किमान तीन वेटोळे घाला मगच क्लिप लावा, एकच वेटोळं घालून लोक राजपुरीहून जंजिऱ्याच्या होडीत चढतात आणि मग बॅग खराब म्हणतात. मांडव्याच्या लाँचमध्ये वरच्या डेकवर कडेला बसायचं असेल तर कॅमेरा बाहेर नको, तिथल्या शिंतोड्यातही मीठच असतं. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर चढवून न्या, ओरखडा पडला तर फिल्टरला पडू दे.

आणि बॅकअप. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोक करतात. मेमरी कार्ड खाऱ्या पाण्यातूनही बऱ्याचदा वाचतं, स्वच्छ पाण्याने धुवून पूर्ण कोरडं केलं की फोटो निघतात. फोनमधल्या आतल्या मेमरीचं तसं नाही, आजकालच्या फोनमध्ये ती लॉक केलेली असते, चिप काढून दुसरीकडे लावून काही होत नाही, बोर्ड जिवंत झाला तरच फोटो मिळतात. मुलाच्या बारशापासूनचे फोटो एकाच फोनमध्ये घेऊन समुद्रात उतरू नका, एवढंच म्हणणं आहे.

तिथे गेल्यावर

एसी रूममधून किंवा एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की फ्रिजमधल्या बाटलीला सुटतं तसं पाणी लेन्सला सुटतं, बाहेरून आणि कधी कधी आतूनही. अर्धा तास बॅगेतच राहू द्या, बॅगेची चेन लावून, मग काढा. पुसत बसू नका, पुसून परत धुकं येतं.

लेन्स किनाऱ्यावर बदलायची नाही. वारा असतोच, वाळू उडतेच, सेन्सरवर गेली की आमच्याकडे यावंच लागतं. झूम फिरवताना कर्रकर्र आवाज आला तर तिथेच थांबा, जोर लावून फिरवू नका, वाळूचा कण आत रुततो. काचेवर वाळू असेल तर आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा आणि मग कापड, तोंडाने फुंकर मारली तर थुंकी उडते. सनस्क्रीनचे हात पण लांबच ठेवा.

संध्याकाळी रूमवर आलात की, कॅमेरा भिजला नसला तरी, खारा वारा लागलेला असतो. मऊ कापड गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, बॉडी पुसा, मग कोरड्याने. ट्रायपॉड मात्र बिनधास्त नळाखाली धरा, पाय पूर्ण उघडून, लॉकच्या आत वाळू बसते. गोप्रो दार बंद ठेवूनच गोड्या पाण्याच्या मगात थोडा वेळ बुडवून ठेवा. रात्री सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांसोबत. नारिंगी दाणे हिरवट झाले म्हणजे त्यांनी ओलावा भरून घेतला, ऑव्हनमध्ये १०० ते १२० डिग्रीला तास-दोन तास ठेवले की परत वापरता येतात. घरी आल्यावरही हा डबा चालू ठेवा, पावसाळ्यात मुंबईत लेन्सला बुरशी यायला समुद्र लागत नाही, कपाट पुरतं.

पडलाच पाण्यात तर

बंद करा. लगेच. "चालू आहे का बघू" म्हणून बटण दाबणं हेच सगळ्यात महागात पडतं. कॅमेऱ्याची बॅटरी आणि कार्ड काढा. फोन वॉटरप्रूफ प्रकारातला असेल तर बंद करून बाहेरून बिसलेरीच्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, चार्जिंगचं भोक खाली करून पाणी निथळू द्या. कॅमेऱ्यावर मात्र पाणी ओतू नका, ओल्या फडक्याने बाहेरचं मीठ पुसा. चार्जिंगला लावायचं नाही, कितीही वाटलं तरी.

तांदळाचा डबा नको. तांदळाने मीठ निघत नाही, उलट पीठ आणि कणी चार्जिंगच्या भोकात जाते, २०२४ मध्ये अॅपलनेच तांदळात फोन ठेवू नका असं स्पष्ट सांगितलंय. हेअर ड्रायरही नको, गम सुटतो आणि पाणी अजून आत ढकललं जातं. गच्चीवर उन्हात तर नकोच. आणि हॉटेलात दोन दिवस वाळवत बसू नका, शक्य तितक्या लवकर आणा. आम्ही उघडतो, बोर्ड बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो, झाकणांच्या खालचं साफ करतो, मगच करंट देतो. पहिल्या दिवशी आणलेला आणि दहाव्या दिवशी आणलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पॉवर बँक खाऱ्या पाण्यात बुडाली तर ती वाचवायच्या भानगडीत पडू नका. फुगलेली किंवा गरम लागणारी बॅटरी दाबू नका, टोचू नका, सामानात कोंबू नका, ई-कचऱ्यात द्या, आमच्याकडे दिली तरी चालेल.

गाडीची रिमोट चावी, बर्म्युडाच्या खिशात राहिलेली, हे आजकाल फार येतंय. ही तुम्ही स्वतः करू शकता. आतली लोखंडी चावी काढा, फटीत नाणं घालून रिमोट उघडा, बटण-सेल काढून टाका, आतली छोटी सर्किटची पट्टी गोड्या पाण्याने धुवा, दिवसभर सावलीत सुकू द्या आणि नवीन सेल घाला, बऱ्याचशा चाव्यांना सीआर २०३२ लागतो पण जुन्यावरचा नंबर वाचून घ्या. चालली तर आमच्याकडे यायची गरजच नाही.

हे सगळं गणपतीला पण लागू आहे. गिरगावला, जुहूला विसर्जनाला छातीभर पाण्यात जाताना फोन काठावर थांबलेल्या कुणाकडे तरी द्या, आणि भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर रील काढताना अंगावर येतं तेही समुद्राचंच पाणी असतं.

आमच्याकडे येताना

सगळं वाचतं असं आम्ही सांगत नाही. पूर्ण बुडालेली किट लेन्स दुरुस्त करण्यापेक्षा सेकंडहँड घेतलेली बरी पडते, आणि तसं असेल तर आम्ही काउंटरवरच सांगतो, उघडून ठेवून पैसे लावत नाही. बघायचे पैसे नाहीत. कॅमेरा असेल तर काढलेली बॅटरी आणि कार्ड वेगळ्या पिशवीत आणा. एवढं मात्र सांगा की पाणी समुद्राचं होतं, पूलचं होतं की नळाचं, कधी गेलं, आणि त्यानंतर चार्जिंगला लावला होता का. लावला असेल तर लावला म्हणा, आम्ही ओरडत नाही, फक्त मग आधी बॅटरी काढून बाजूला ठेवतो आणि कामाला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करतो. सोमवारी दुकान बंद.