‘झ्नाम’मधला ‘म’ : एका क्रियापदाची पार्श्वभूमी

उत्तर ठाऊक नसले की सर्बियातल्या बेलग्रेडचा माणूस ‘को झ्ना’ म्हणतो, क्रोएशियातल्या झाग्रेबचा ‘त्को झ्ना’ म्हणतो, आणि मराठीत त्याला नेमका तोलाचा शब्दप्रयोग तयारच आहे : कोण जाणे. ‘बोग झ्ना’ म्हणजे देव जाणे. हे साम्य योगायोगाचे नाही. या दोन्ही देशांत बोलल्या जाणाऱ्या सर्बो-क्रोएशियन भाषेतले ‘झ्नाती’ आणि आपले ‘जाणणे’ ही एकाच इंडो-युरोपीय धातूची वंशज आहेत. त्या धातूच्या आरंभीचा वर्ण संस्कृतात ‘ज’ झाला (ज्ञा, जानाति), तर स्लाव्ह भाषांत ‘झ’.

वर्तमानकाळात हे क्रियापद झ्नाम (मी जाणतो), झ्नाश (तू), झ्ना (तो, ती), झ्नामो (आम्ही), झ्नाते (तुम्ही), झ्नायू (ते) असे चालते. लिंगभेद दिसतो तो भूतकाळात : पुरुष ‘झ्नाओ सम’ म्हणतो, स्त्री ‘झ्नाला सम’. भविष्यकाळाचे ‘झ्नाचू’ हे रूप सर्बियन लेखनात जोडून, तर क्रोएशियन लेखनात तोडून लिहितात. उच्चार मात्र एकच राहतो. अर्थाच्या बाबतीत, पोहता येणे, स्वयंपाक येणे अशा ठिकाणी मराठी जिथे ‘येणे’ वापरते, तिथेही ही भाषा ‘झ्नाती’च वापरते, माणसाची ओळख असणे यासाठी मात्र ‘पोझ्नावाती’ हे वेगळे क्रियापद आहे.

या रूपांत सर्वांत लक्षवेधी आहे तो ‘झ्नाम’मधला ‘म’, कारण तो मुळात या क्रियापदाचा नव्हताच. ज्या प्राचीन चर्च स्लाव्होनिकची, म्हणजे लिखित स्वरूपातल्या सर्वांत जुन्या स्लाव्ह भाषेची, लेखनपरंपरा 9व्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या बंधूंच्या भाषांतरांपासून सुरू झाली, तिच्यात ‘मी जाणतो’ हे रूप अनुनासिक स्वरात संपत असे. त्या स्वराचा पुढे ‘ऊ’ झाला. रशियनमध्ये ‘मी जाणतो’ला आजही ‘झ्नायू’च म्हणतात, आणि सर्बो-क्रोएशियनमध्ये नेमक्या याच रूपाचा अर्थ ‘ते जाणतात’ असा होतो. दोन्ही भाषा शिकणाऱ्याची इथे हमखास गफलत होते.

‘म’ हा प्रत्यय तेव्हा मोजक्या पाच क्रियापदांपुरता होता : असणे, देणे, खाणे, बाळगणे आणि ‘जाणणे’ याच अर्थाचे दुसरे जुने क्रियापद, ‘व्हेदेती’. संस्कृतातील अस्मि, ददामि, अद्मि यांचा ‘मि’ तो हाच. मध्ययुगात सर्बो-क्रोएशियनमध्ये हा ‘म’ पसरत पसरत जवळजवळ सर्व क्रियापदांना लागला. जुना ‘ऊ’ आजच्या प्रमाण भाषेत ‘मोगू’ (मी करू शकतो) आणि ‘होचू’ (मला हवे आहे) या दोहोंत आणि ‘होचू’च्या आखूड व नकारार्थी रूपांत तेवढा उरला आहे. संस्कृतानेही फार पूर्वी हीच वाट धरली होती : लॅटिन ‘फेरो’मध्ये (मी वाहून नेतो) जुना स्वरान्त टिकला, पण त्याचे भावंड असलेल्या संस्कृत रूपाला ‘मि’ लागून ‘भरामि’ झाले. एकमेकींपासून इतक्या दूर गेलेल्या दोन भाषांनी एकच प्रत्यय असा आपापल्या परीने सर्वत्र नेला, हे मला भाषेच्या इतिहासातले फार सुंदर उदाहरण वाटते.

‘व्हेदेती’ म्हणजे आपल्या ‘विद्’ आणि ‘वेद’ यांचे सख्खे भावंड. आपला ‘म’ इतरांना देणाऱ्या त्या पाचांपैकी हे क्रियापद सर्बो-क्रोएशियनच्या रोजच्या बोलण्यातून नाहीसे झाले आणि त्याची जागा ‘झ्नाती’ने घेतली, त्याचा धातू मात्र ‘स्व्हेदोक’ (साक्षीदार) आणि ‘साव्हेस्त’ (सदसद्विवेक) या शब्दांत आजही आहे.