धुळीतील माइट

घरातील धुळीत, मुख्यतः गादी, उशी आणि गोधडीत राहणारा आठ पायांचा सूक्ष्म जीव. कोळी आणि गोचीड यांच्या वर्गातला. लांबी सुमारे 0.3 मिमी, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही. माइट चावत नाही. माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. सकाळी उठल्याउठल्या येणाऱ्या शिंका, चोंदलेले नाक, डोळ्यांची खाज आणि दमा यांच्या मुळाशी मात्र पुष्कळदा तोच असतो. घरच्या धुळीने त्रास होतो हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होते. त्या धुळीत नेमके बाधते ते काय, याचा उलगडा 1964 मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे वुरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून झाला.

ॲलर्जी होते ती प्रामुख्याने माइटच्या विष्ठेतील प्रथिनांची. विष्ठेचे कण जड असतात. अंथरूण झटकले की उडतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात. म्हणजे खोलीतल्या हवेपेक्षा नाकाखालची उशी जास्त बाधते. हवा शुद्ध करणारे महागडे यंत्र घेण्याआधी हे लक्षात घ्यावे.

माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून घेतो. सापेक्ष आर्द्रता बराच काळ 50 टक्क्यांखाली राहिली की तो सुकून मरतो. देशावरचा कोरडा उन्हाळा त्याला मानवत नाही, पावसाळा मानवतो. कोकण, मुंबई आणि गोव्याच्या दमट हवेत तर तो बारमाही तग धरतो. पावसाळाभर कपाटात दडपलेल्या रजया थंडी पडताच थेट अंगावर घेतल्या, की साठलेली सगळी विष्ठा श्वासात जाते.

या दृष्टीने महाराष्ट्रातील ‘दसरा काढणे’ ही रीत फार मोलाची आहे. घटस्थापनेच्या आधी घर झाडून-सारवून गोधड्या, चादरी, वाकळा नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुतात आणि कडक उन्हात वाळवतात. रीत पडली ती माइटसाठी नव्हे, पण पावसाळा सरतानाची ही वेळ अचूक आहे. उन्हाने माइट मरतो, विष्ठा मात्र तशीच राहते. ती घालवायला धुणेच लागते. 55 ते 60 अंश सेल्सियसच्या पाण्यात दोन्ही कामे होतात. एरवीही अभ्रे आणि चादरी आठवड्याला धुवाव्यात. गादीला ऊन दाखवून ती घराबाहेरच बडवावी, आणि हे काम ॲलर्जी असलेल्या माणसाकडे देऊ नये. कोरड्या केरसुणीपेक्षा ओल्या फडक्याने पुसणे बरे. निजायच्या खोलीत गालिचा, जाड पडदे, कापडी खेळणी नकोत. ओले कपडेही तिथे वाळत घालू नयेत.

गादी-उशीला घट्ट विणीची खोळ घालतात. तेवढ्याने दमा आटोक्यात येतो असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. बाकीच्या उपायांना तिची जोड द्यावी.

ॲलर्जीचे निदान त्वचेवरील चाचणीने किंवा रक्त तपासून होते. नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे नियमित घेतला तरच गुण देतो. अँटिहिस्टामिन गोळीने शिंका आणि खाज लवकर थांबते. छातीत घरघर होत असेल तर घरगुती उपायांवर विसंबू नये. इम्युनोथेरपीत, म्हणजे शरीराला हळूहळू माइटची सवय लावण्याच्या उपचारात, माइटचाच अर्क ठरावीक मात्रेत इंजेक्शनने किंवा जिभेखाली देतात. ती साधारण 3 ते 5 वर्षे चालते, आणि दमा काबूत नसताना सुरू करत नाहीत.