दोन वर्षं की वीस? पुनर्प्रवेशाच्या शिक्षेवरील अपिलांची पार्श्वभूमी

हद्दपार झालेल्या माणसाने परवानगीशिवाय अमेरिकेत परत येणं १९२९ पासून गुन्हा आहे. १९५२ च्या कायद्यातही त्याची कमाल शिक्षा दोन वर्षंच होती. अपिलांचा गुंता सुरू झाला तो १९८८ नंतर. अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यातून या कलमाला वाढीव शिक्षेची तरतूद जोडली गेली, आणि १९९४ मध्ये ती आणखी कडक झाली. हद्दपारीआधी गंभीर गुन्हा सिद्ध झालेला असेल तर दहा वर्षांपर्यंत, अतिगंभीर असेल तर वीस.

पण हा आधीचा गुन्हा आरोपपत्रात लिहायला हवा की नको? १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या आरोपीला ८५ महिन्यांची शिक्षा झाली होती. आरोपपत्रात जुन्या गुन्ह्यांचा उल्लेखच नव्हता, म्हणून कमाल शिक्षा दोन वर्षं, असं त्याचं म्हणणं. पाच विरुद्ध चार मतांनी तो हरला. जुना गुन्हा हा नव्या गुन्ह्याचा घटक नाही, फक्त शिक्षा ठरवतानाची बाब आहे, असं बहुमताने म्हटलं.

दोनच वर्षांनी त्याच न्यायालयाने नियम घातला, की कमाल शिक्षा वाढवणारी प्रत्येक बाब ज्यूरीसमोर निःसंशय सिद्ध झाली पाहिजे. अपवाद एकच, आधीचा गुन्हा. १९९८ च्या बहुमतातल्या एका न्यायमूर्तींनी तेव्हाच आपली चूक झाल्याचं लिहून दिलं. तरी तो निकाल उभाच आहे. २०२४ मध्ये अपवादाची व्याप्ती अरुंद असल्याचं न्यायालयाने बजावलं, पण तो रद्द केला नाही. माझ्या मते हा अन्याय आहे. हरणार हे ठाऊक असूनही बचावाचे वकील अपिलात हा मुद्दा नोंदवतात. निकाल कधी बदललाच तर अशिलाचा हक्क बुडू नये, म्हणून.

बाकीची अपिलं बरीच वर्षं शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांभोवती, म्हणजे न्यायाधीशाने किती शिक्षा द्यावी हे सांगणाऱ्या नियमावलीभोवती फिरली. १९९१ पासून जुन्या अतिगंभीर गुन्ह्यासाठी तिच्यातल्या गांभीर्याच्या मोजपट्टीवर सरसकट १६ पातळ्यांची वाढ होती. २००१ मध्ये या वाढीत गुन्ह्याच्या प्रकारानुसार टप्पे आले, आणि अमुक राज्यातली घरफोडी कायद्यातल्या व्याख्येत बसते का, यावर पानंच्या पानं खर्ची पडली. २००५ पासून ही तत्त्वं केवळ सल्ल्यापुरती उरली. २०१६ मध्ये व्याख्यांचा बराचसा घोळ सुटला, कारण आता मोजमाप मुख्यतः जुन्या शिक्षेच्या लांबीवर होतं.

अपिलाची नोटीस १४ दिवसांत द्यावी लागते, आणि गुन्हा कबूल करताना केलेल्या करारात अनेकांनी अपिलाचा हक्क आधीच सोडलेला असतो.