गोल कुणाच्या नावावर मांडायचा?

ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलचा सामना. चेंडू अजून पन्नास मीटर लांब आहे. फुल फॉरवर्ड, म्हणजे गोलसमोरचा आक्रमक, एक पाऊल डावीकडे टाकतो आणि एकदम उजवीकडे वळून चेंडूच्या दिशेने सुटतो. पाठीशी असलेला फुल बॅक, म्हणजे त्याला रोखणारा बचावपटू, लगेच त्याच्या मागे धावतो. पण समोरच्याची हालचाल डोळ्यांना दिसून आपला पाय उचलला जाईपर्यंत साधारण 0.2 सेकंद जातात, आणि जगातल्या कुठल्याही बचावपटूला ते चुकलेले नाहीत. दोघे सेकंदाला 8 मीटर वेगाने धावू लागले की त्या 0.2 सेकंदांचं दीड मीटरहून जास्त अंतर होतं. चेंडू येतो, फॉरवर्ड तो छातीसमोर झेलतो, बचावपटूची मूठ वीतभर मागे हवेतच राहते. झेलणाऱ्याला मोकळी किक मिळते. उंच खांबांमधून चेंडू पलीकडे, सहा गुण. आणि स्टॅंडमध्ये कुणीतरी बचावपटूकडे बघून म्हणतं, "संपला हा आता. बसवा याला."

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, म्हणजे तिथल्या लोकांच्या 'फूटी'मध्ये, तळाला गेलेल्या संघाच्या चाहत्यांत दर हंगामात हा वाद पेटतो. एक बाजू म्हणते बचावपटूचा फॉर्म गेला. दुसरी म्हणते, तो एकटा काय करणार? मला हा वाद फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्या पोटात विज्ञानातला एक खरा प्रश्न आहे: एखाद्याचं काम मोजायचं, पण त्याच्यापुढे काम किती आणि कसलं येणार हे दुसरेच ठरवत असतील, तर मोजायचं कसं?

खेळाची थोडी ओळख करून देतो. मैदान लंबगोल, क्रिकेटचंच. 1859 मध्ये मेलबर्न फुटबॉल क्लबने या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. त्याच्या आदल्या वर्षी टॉम विल्स या क्रिकेटपटूने हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग हलतं राहावं म्हणून असा क्लब काढण्याची सूचना केली होती. बॉक्सिंग डे कसोटीमुळे आपल्याला पाठ झालेलं मेलबर्नचं एमसीजी हेच या खेळाचंही मोठं देऊळ. प्रत्येक बाजूचे 18 खेळाडू मैदानात असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून किक गेली की गोल, 6 गुण. मधला खांब आणि बाजूचा खांब यांच्यामधून गेली तर 1 गुण. किमान 15 मीटर आलेली किक कुणी हवेतच झेलली तर तो 'मार्क': मग त्याला कुणी अडवू शकत नाही, निवांत नेम धरून किक मारता येते. म्हणून बचावपटूचं पहिलं काम झेल घेणं नव्हे, झेल होऊ न देणं. मुठीने चेंडू उडवून लावायचा. त्याला 'स्पॉइल' म्हणतात.

आता चेंडू येतो कसा ते पाहू, कारण माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो. समजा किक सेकंदाला 22 मीटर वेगाने निघाली. जमिनीशी 30 अंशांचा कोन करून मारली तर ती जवळजवळ 43 मीटर जाते. 60 अंशांनी मारली तरी तेवढीच जाते. हवेचा विरोध सोडून दिला तर हे अकरावीच्या भौतिकशास्त्रातलंच गणित आहे. अंतर सारखं, पण वेळ मुळीच सारखा नाही: पहिली किक 2.2 सेकंदांत पोचते, दुसरी 3.9 सेकंदांत. 60 अंश हे टोकाचं उदाहरण झालं, पण दिशा तीच. अंगावर कुणी धावून आला की किक मारणारा घाईने चेंडू उंच उडवतो. तो लोंबकळत येतो, आणि मागे पडलेल्या बचावपटूला दीड सेकंद जास्त मिळतो. तेवढ्यात दीड मीटरची उणीव तर भरून निघतेच, शेजारचा सहकारीही दहा मीटर धावून मदतीला पोचतो. उलट किक मारणाऱ्याजवळ कुणीच नसेल, तर तो मान वर करून बघतो आणि सपाट, नेमका चेंडू थेट फॉरवर्डच्या पुढ्यात टाकतो. तेव्हा मागच्याने पाय कितीही उचलले तरी घड्याळ त्याच्या विरुद्धच असतं.

किक मारणाऱ्यावर दडपण आणायचं काम मधल्या फळीचं. कमकुवत संघाची मधली फळीच हरत असते. त्यात 2019 पासून नियम आहे की मध्यावरून खेळ सुरू होताना प्रत्येक संघाचे सहा खेळाडू मागे, सहा मध्ये, सहा पुढे असायलाच हवेत. त्यामुळे बचावात आधीच गर्दी करून ठेवता येत नाही. मध्यावर चेंडू गमावला की पुढच्या काही सेकंदांत मागे एकास एक झुंज ठरलेली. आणि गोल झाला की चेंडू पुन्हा मध्यावरच येतो.

हा फरक किती मोठा असतो? एक हिशेब मांडतो. आकडे मी मानून घेतलेले आहेत, गणित मात्र खरं आहे. एक बचावपटू घ्या. दर चार एकास-एक झुंजींपैकी तीन तो वाचवतो, एक हरतो. ही झाली त्याची कुवत, आणि ती अजिबात बदलत नाही असं धरू. चांगल्या संघात त्याच्या वाट्याला सामन्यात अशा 4 झुंजी येतात, दुबळ्या संघात 8. तीन किंवा जास्त झुंजी हरला की चाहते म्हणणार, आजचा दिवस वाईट गेला. चांगल्या संघात असा दिवस येण्याची शक्यता 5 टक्के, म्हणजे वीस सामन्यांत एकदा. दुबळ्या संघात 32 टक्के. काम दुप्पट झालं, पण बदनामीचे दिवस सहापटीहून जास्त झाले!

इथेच आपली नजर फसते. काम दुप्पट तर चुका दुप्पट, असं मनाला वाटतं, आणि सरासरीपुरतं ते बरोबरच आहे. पण आपण सरासरी लक्षात ठेवत नाही, वाईट दिवस लक्षात ठेवतो. सरासरी थोडी सरकली तरी टोकाच्या घटना भराभर वाढतात. शहराचं सरासरी तापमान एखाददोन अंशांनी चढलं की चाळिशी ओलांडणारे दिवस किती वाढतात, ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको.

आणखी एक पायरी पुढे जाऊ. या खेळाच्या राष्ट्रीय लीगमध्ये प्रत्येक संघ हंगामात 23 साखळी सामने खेळतो. आपल्या या न बदललेल्या बचावपटूला दुबळ्या संघात कधीतरी सलग तीन वाईट सामने लागण्याची शक्यता सुमारे 40 टक्के निघते. चांगल्या संघात ती अर्धा टक्कासुद्धा नाही. सलग तीन वाईट सामने पाहिल्यावर फॉर्म गेला असं न म्हणणारा चाहता मला अजून भेटलेला नाही, मी स्वतःही तसंच म्हणतो. पण इथे फॉर्म नावाचं काही हललेलंच नव्हतं. शिवाय त्या तीन सामन्यांनंतर चौथा बहुधा बरा जातो. मग प्रशिक्षकाने रागावल्याचा, नाहीतर एक आठवडा बाहेर बसवल्याचा उपयोग झाला, असं सगळ्यांना वाटतं. फ्रान्सिस गाल्टनने 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच पाहिलं होतं: टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप सरासरीकडे सरकतं. त्यामागे कुणाचं रागावणं नसतं.

खऱ्या मैदानावर मला जेम्स फ्रॉली आठवतो. मेलबर्न क्लबचा हा बचावपटू 2010 मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन संघात निवडला गेला, म्हणजे देशातल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तमांत त्याची गणना झाली. पुढच्या वर्षी, 30 जुलै 2011 ला, त्याचा संघ जिलाँगमध्ये 233 विरुद्ध 47 असा हरला. 186 गुणांचा फरक, 37 गोल खाल्ले. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाला काढलं. 2012 मध्ये चार विजय, 2013 मध्ये दोन, 2014 मध्ये पुन्हा चार. एवढ्या वर्षांत मागे उभं राहणाऱ्या माणसाचा फॉर्म तुम्ही कशावरून वाचणार? खाल्लेल्या गोलांवरून वाचलात तर मधल्या फळीचं खापर त्याच्या डोक्यावर फुटतं. यष्टिरक्षकासारखंच आहे हे: न झालेला गोल धावफलकावर कधीच दिसत नाही.

मग मोजायचं कसं? नुसते गोल मोजून उपयोग नाही, किती झुंजींमागे किती गोल ते बघायला हवं. लीगची आकडेवारी ठेवणारी चॅम्पियन डेटा ही कंपनी एकास-एक झुंजी, स्पॉइल आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू मधेच झेललेले मार्क वेगवेगळे नोंदवते, ते याचसाठी. तरीही किक मोकळ्या पायाने आली होती की दडपणाखाली, हे त्या भागाकारात उतरत नाही. तिथे अनुभवी डोळाच लागतो. आणि चाहत्यांचा डोळा सरसकट चुकीचा असतो असं मी मुळीच म्हणणार नाही. चेंडू उंच, लोंबकळत आलाय, वेळ भरपूर आहे, तरीही मूठ पोचत नाही आणि हे पुन्हा पुन्हा होतंय, असं ज्याने पाहिलं त्याने पायांतली खरी उतरण पाहिली. फॉर्म जातो, वय होतं, मांडीचा स्नायू पूर्वीसारखा राहत नाही. फक्त ते वाचायला सोप्या झुंजी बघाव्या लागतात. अवघड झुंजी तर सगळेच हरतात.

फ्रॉलीचा काका डॅनी फ्रॉली सेंट किल्डाचा फुल बॅक आणि कर्णधार होता. 1988 मध्ये सेंट किल्डा तक्त्याच्या तळाला राहिला, आणि त्याच हंगामात क्लबचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून डॅनीची निवड झाली. म्हणजे जवळून पाहणाऱ्यांना हा फरक कळू शकतो.

2014 संपताना पुतण्या मेलबर्न सोडून हॉथॉर्न या क्लबकडे गेला. भरपाई म्हणून लीगने मेलबर्नला नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत तिसरा क्रमांक दिला. सतराव्या स्थानावरच्या संघातून जाणाऱ्या बचावपटूसाठी ही मोठीच किंमत. 3 ऑक्टोबर 2015 ला एमसीजीवर हॉथॉर्नने वेस्ट कोस्टला 107 विरुद्ध 61 असं हरवून सलग तिसरं विजेतेपद घेतलं, आणि फ्रॉली त्या संघात होता. तो आधीपासून तेवढाच चांगला होता, हे यावरून सिद्ध झालं असं म्हणायचा मोह मला होतो. पण तीच चूक मग उलट्या बाजूने होईल. हॉथॉर्नची मधली फळी त्या काळात देशातल्या सर्वोत्तमांपैकी होती. वेस्ट कोस्टला त्या दिवशी आठच गोल करता आले. ते कुणामुळे थांबले, हे ठरवायला मागे तेव्हा किती चेंडू आले आणि किती उंचीवरून आले, हेच आधी मोजायला हवं.